ड्राफ्टच्या वयातल्या फूटी खेळाडूची किक कशी तपासावी

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, म्हणजे फूटीच्या, ड्राफ्टकडे (व्यावसायिक क्लब नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेकडे) डोळे लावून बसलेल्या मुलाची चौकशी सुरू झाली की ‘किक कशी आहे?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर बहुधा विशेषणांत मिळतं: ‘सुरेख आहे’, ‘लांब मारतो’, ‘जरा कच्ची आहे’. अशा उत्तरावर कुणाची निवड करू नये आणि कुणाला डावलूही नये. किक म्हणजे चार वेगळी कामं असतात. हातातून बॉल सोडणं, त्यावर पायाचा घाव बसणं, कुठे मारायचं ते ठरवणं, आणि दम लागलेला असताना, अंगावर कुणी धावून येत असताना ही तिन्ही कामं टिकवणं. चारही वेगवेगळी तपासली नाहीत, तर पहिल्या दोहोंत देखणा दिसणारा मुलगा वर जातो आणि शेवटच्या दोहोंत पक्का असलेला मागे राहतो.

मेलबर्न, पर्थ, अ‍ॅडलेडला स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं आता ऑसकिकपासून (लहान मुलांना फूटी शिकवणाऱ्या कार्यक्रमापासून) हा खेळ खेळत मोठी होताहेत. त्यांचे आईवडील आणि स्थानिक क्लबात मदत करणारी मंडळी यांनाही ही पद्धत वापरता येईल. महागडी साधनं लागत नाहीत. दोन फोन, एक टेप आणि नोंद ठेवायची शिस्त पुरते.

कोणत्या वयाबद्दल बोलतो आहोत

नॅशनल ड्राफ्टसाठी मुलगा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १८ वर्षांचा व्हावा लागतो. म्हणजे हंगामभर त्याला बघणारे लोक प्रत्यक्षात १७-१८ वर्षांच्या मुलाला बघत असतात. या वयात मांड्या आणि कंबर अजून भरायची असतात. व्यावसायिक क्लबात दोन वर्षं व्यायाम झाला की किकची लांबी आपोआप वाढते. हातातून बॉल वाकडा सोडायची सवय मात्र हजारो किकमधून मुरलेली असते आणि ती सहज जात नाही. म्हणून लांबीला कमी आणि बॉल सोडण्याला जास्त वजन द्यावं, असं आमचं ठाम मत आहे. पुढची सगळी मांडणी त्यावरच उभी आहे.

साहित्य आणि मैदान

सहा बॉल घ्या, सगळे एकाच मापाचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे. मोठ्यांच्या पुरुष खेळात ५ नंबरचा बॉल असतो. त्याचा लांबीकडून घेर ७२० ते ७३० मिलिमीटर आणि आडवा घेर साधारण ५४५ ते ५५५ मिलिमीटर. महिलांच्या लीगमध्ये थोडा लहान, ४ नंबरचा बॉल वापरतात, त्यामुळे मुलींची चाचणी त्याच बॉलवर घ्या. हवेचा दाब ६२ ते ७६ किलोपास्कल, म्हणजे ९ ते ११ पीएसआय. गेज असलेला पंप जवळ ठेवा आणि चाचणीआधी सहाही बॉल मोजून घ्या. एक बॉल मऊ आणि दुसरा टणक असेल तर अंतरातला फरक मुलाच्या नावावर विनाकारण चढतो.

याशिवाय २० शंकू, ५० मीटरची टेप, दोन ट्रायपॉड आणि प्रति सेकंद २४० फ्रेम टिपणारे दोन फोन. साधा ३० फ्रेमचा व्हिडिओ या कामाला चालत नाही. पाय आणि बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागापुरता टिकतो, ३० फ्रेममध्ये तो बहुधा दोन फ्रेमच्या मधोमध हरवतो. २४० फ्रेममध्ये त्याच क्षणाची दोन-तीन चित्रं हाती लागतात.

वारा जोराचा असेल तर चाचणी पुढे ढकला. हलका असेल तर दोन्ही दिशांनी सारख्याच किक घ्या. मैदान ओलं असेल तर तसं लिहून ठेवा. ओला बॉल जड होतो आणि हातातून निसटतो, त्या दिवशीच्या गुणांची कोरड्या दिवसाशी तुलना करू नका.

खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर चित्रीकरणाआधी आईवडिलांची लेखी परवानगी घ्या. व्हिक्टोरियात मुलांबरोबर काम करणाऱ्या मोठ्यांना ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ (पार्श्वभूमीची सरकारी तपासणी) लागतो, तो चालू असल्याची खात्री करा.

एका दिवसात वॉर्मअप धरून ४५च्या वर किक घेऊ नका. मांडीच्या पुढच्या स्नायूला आणि जांघेला किकचा ताण सर्वांत जास्त बसतो आणि वाढत्या वयात ही दुखणी चिवट असतात. म्हणून काम दोन दिवसांत वाटायचं, मध्ये किमान दोन दिवस सुट्टी. जांघ आखडली आहे असं मुलगा म्हणाला तर लांबीची चाचणी त्या दिवशी रद्द.

पहिला दिवस: हात आणि पाय

वॉर्मअपला १२ मिनिटं द्या. हलकं धावणं, पाय पुढे-मागे झुलवणं, मग १५ किक: पाच १५ मीटरवर, पाच २५ वर, पाच ३५ वर. या किकना गुण नाहीत, पण बघत राहा. चाचणी नाही असं वाटतं तेव्हा मुलगा खरी सवय दाखवतो.

मग एक फोन किक मारणाऱ्या पायाच्या बाजूला, ८ ते १० मीटर अंतरावर, कंबरेच्या उंचीला लावा. दुसरा फोन थेट मागे. ३० मीटरवर उभ्या असलेल्या साथीदाराला सहा ड्रॉप पंट मारायला सांगा. आजच्या खेळातली बहुतेक किक ड्रॉप पंटच असते. यात बॉल जवळपास उभा सोडतात, खालच्या टोकाजवळ पायाचा वरचा कडक भाग बसतो आणि बॉल हवेत टोकावर टोक असा उलटा फिरत जातो. ही उलटी फिरकी त्याला सरळ ठेवते आणि झेलणाऱ्यालाही सोपा करते.

व्हिडिओ मागून पुढे बघा. आधी बॉल हवेत कसा फिरला ते, मग पायाचा स्पर्श, मग हात. दोषाचं मूळ बहुतेक वेळा हातात सापडतं, आणि सुरुवातीपासून बघत गेलं तर डोळा पायावरच अडकतो.

हातात काय बघायचं? बोटं बॉलच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, लेस पुढच्या बाजूला. बॉल किक मारणाऱ्या पायाच्या मांडीसमोर हवा, पोटासमोर नको. उजव्या पायाच्या खेळाडूचा डावा हात आधी सुटतो आणि उजवा हात बॉल खाली नेतो. हा नेणारा हात जितका खाली जाऊन सोडेल तितकं चांगलं. छातीच्या उंचीवरून सोडलेला बॉल पायापर्यंत येईतो कलतो, वाऱ्याने सरकतो, आणि मग पाय त्याच्या मागे धावतो. स्थिर उभं राहून हा दोष लपतो. मैदानात पळताना मात्र बऱ्याच किक त्यापायी वाकड्या जातात.

बॉल सोडताना हात आडवा अंगासमोरून फिरत असेल तर बॉलही आडवा सरकतो. उजव्या पायाच्या मुलाची किक मग हवेत डावीकडे ओढली जाते. मुलगा ते सावरायला उजवीकडे नेम धरायला शिकतो आणि सराव सामन्यात हे खपूनही जातं. मागच्या फोनमध्ये हे लगेच कळतं. सोडल्यापासून स्पर्शापर्यंत बॉल एका उभ्या रेषेत उतरतो की नाही, ते पडद्यावर पट्टी धरून बघा.

पायाच्या बाबतीत तीन जागा. टेकलेला पाय लक्ष्याकडे रोखलेला हवा. घोटा ताणलेला आणि कडक हवा. घोटा सैल असेल तर स्पर्शाच्या वेळी पंजा मागे झुकतो, बॉल डुगडुगत जातो आणि अंतर कमी पडतं. तिसरं म्हणजे पायाची पुढची चाल: पाय लक्ष्याच्या दिशेने वर जातो की अंगासमोरून तिरका कापतो? लांब किकमध्ये स्पर्शाच्या क्षणीचा पायाचा वेग सर्वांत निर्णायक ठरतो, आणि तो गुडघ्याखालचा पाय झपकन उलगडण्यातून येतो. शेवटचं पाऊल लांब पडणं त्याला साथ देतं. शेवटचं पाऊल आखूड टाकून नुसत्या ताकदीवर ओढणारा मुलगा ओळखून ठेवा. त्याची लांबी वाढायला जागा आहे.

एक इशारा इथेच. दिसायला वेगळी असलेली प्रत्येक गोष्ट दोष नसते. गाजलेला फॉरवर्ड लान्स फ्रँकलिन डाव्या पायाने सेट शॉट (झेल किंवा फ्री किकनंतर थांबून, बिनअडथळा गोलवर मारलेली किक) घेताना सरळ न धावता मोठी कमान घेऊन येत असे आणि त्याच्या नावावर हजाराहून अधिक गोल आहेत. दुसरा फॉरवर्ड बेन ब्राउन, त्याची सेट शॉटची धाव सगळ्यांपेक्षा लांब असे. स्पर्शाच्या क्षणी बॉल, पाय आणि लक्ष्य एका रेषेत येत असतील आणि ते दर वेळी तसंच घडत असेल, तर आधीच्या हालचालीवर लाल शेरा मारू नका.

लक्ष्यावर मारण्याची चाचणी

ड्राफ्ट कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात) माजी खेळाडू नॅथन बकलीच्या नावाने ओळखली जाणारी किकिंग टेस्ट वर्षानुवर्षं घेतली गेली: २०, ३० आणि ४० मीटरवर लक्ष्यं, सहा किक, प्रत्येकीला ५ पैकी गुण. तोच सांगाडा घरच्या मैदानावर असा उभा करा.

किकची जागा शंकूने आखा. मधल्या रेषेपासून साधारण ३० अंश डावीकडे आणि ३० अंश उजवीकडे, दोन्ही बाजूंना २०, ३० आणि ४० मीटरवर एकेक खेळाडू उभा करा. खांब किंवा जाळी वापरू नका. किक झेलायला सोपी होती का, हे खांब सांगू शकत नाही. बॉल देणारा विरुद्ध बाजूला १० मीटरवर. मुलगा त्याच्याकडे धावतो, बॉल हातात येतो त्याच क्षणी कुणीतरी ‘डावा तीस’ किंवा ‘उजवा चाळीस’ असं ओरडतं, आणि मुलाने वळून ४ सेकंदांत किक मारायची. क्रम आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर तो ओळखला जातो. दोन फेऱ्या, म्हणजे १२ किक.

गुण असे:
५ – झेलणाऱ्याला पाय हलवावा लागला नाही, बॉल छाती ते डोक्याच्या उंचीवर, फिरकी स्वच्छ.
४ – एक पाऊल टाकावं लागलं किंवा बॉल गुडघ्याशी आला, पण झेल आरामात.
३ – दोन-तीन पावलं, ताणून झेल. शेजारी प्रतिस्पर्धी असता तर हुकला असता.
२ – टप्पा पडून पोचला, किंवा इतका उंच आणि हळू की कुणीही येऊन झुंजलं असतं.
१ – पाच मीटरपेक्षा जास्त चुकला.
० – चुकीचं लक्ष्य, किंवा वेळ संपली.

गुण देणारे दोघे असावेत, एकमेकांपासून लांब उभे, बोलणं बंद. एकाच किकवर दोघांत एकाहून जास्त गुणांचा फरक पडला तर व्हिडिओ बघून ठरवा. असा फरक वारंवार येत असेल तर मुलाला नव्हे, गुण देणाऱ्यांना आधी एकत्र बसवा आणि दहा किक मिळून तपासायला लावा.

उंच आणि हळू किकला इतके कमी गुण का? साधा हिशेब आहे. बॉल हवेत अर्धा सेकंद जास्त राहिला, तर सेकंदाला ७ मीटर धावणारा बचावपटू साडेतीन मीटर जवळ येतो. रिकामा दिसणारा साथीदार तेवढ्यात झाकला जातो.

तीन अंतरांचे गुण वेगळे ठेवा, एकत्र बेरजेत बुडवू नका. २० वर ५ आणि ४० वर २ मिळवणाऱ्या मुलाला बहुधा ताकद कमी पडते. ४० वर ५ आणि २० वर २ असेल तर त्याला बॉलचं वजन कळत नाही, सगळंच जोरात मारतो. दुसरा प्रकार बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो, कारण त्याच्या लांब किक लक्षात राहतात.

दुसरा पाय

त्याच दिवशी, पाच मिनिटं विश्रांती देऊन, कमकुवत पायाने २० मीटरवर सहा आणि ३० मीटरवर चार किक. इथे ओरडून लक्ष्य सांगायचं नाही, समोर एकच साथीदार. २० मीटरवर सहापैकी चार किकना ३ किंवा अधिक गुण मिळावेत, ही आमची किमान अपेक्षा. ३० मीटरवर फक्त बॉल कसा फिरतो ते बघा.

दुसऱ्या पायाचं मोल गर्दीत आहे. बॉलभोवती चार जण तुटून पडलेले असताना चांगल्या पायाकडे वळायला लागणारा अर्धा-पाऊण सेकंद टॅकल करणाऱ्याला, म्हणजे धरून पाडणाऱ्याला, पुरतो. हॉथॉर्न क्लबचा गाजलेला मिडफिल्डर सॅम मिचेल २००१च्या ड्राफ्टमध्ये ३६व्या क्रमांकावर निवडला गेला. उंचीने लहान, पायांत वेग नाही. पण दोन्ही पायांनी मारायचा, त्यामुळे त्याला एका बाजूला ढकलून काही साधत नसे. मिडफिल्डर तपासत असाल तर या चाचणीला जरूर वजन द्या.

दुसरा दिवस: लांबी, गोल, दमणूक, निर्णय

लांबी लवकर उरकते. वॉर्मअपनंतर चार किक, दोन वाऱ्याच्या दिशेने, दोन विरुद्ध. बॉल पहिल्यांदा जमिनीला लागतो तिथपर्यंत मोजा, घरंगळलेलं अंतर धरू नका. चारांची सरासरी काढा. ड्रॉप पंटने ४५ ते ५० मीटर येत असेल तर १७व्या वर्षी काळजीचं कारण नाही. ५५ मारणाऱ्या मुलाला वेगळे गुण देऊ नका, फक्त नोंद ठेवा.

गोलच्या बाबतीत आधी भूमिती समजून घ्या. मधल्या दोन खांबांत ६.४ मीटर अंतर असतं. त्यातून गेला की ६ गुण, त्याच्या बाहेरच्या खांबांतून गेला तर १. समोरून ३० मीटरवर गोल साधारण १२ अंशांचा दिसतो, ४० मीटरवर ९ अंशांचा. तेच ४० मीटर ४५ अंश बाजूने असतील तर दिसणारी रुंदी साडेचार मीटर उरते, म्हणजे जेमतेम साडेसहा अंश. त्यामुळे ‘दहात सहा गोल’ या आकड्याला जागा सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

आठ सेट शॉट घ्या: समोरून ३० मीटरवर दोन, समोरून ४० वर दोन, ४० वर ४५ अंश डावीकडून दोन, उजवीकडून दोन. प्रत्येक शॉटला ३० सेकंदांचं घड्याळ लावा, सामन्यात तेवढाच वेळ मिळतो. निकालाबरोबर पावलं मोजा. आठही वेळा पावलांची संख्या सारखी आली का? धाव एका रेषेत झाली का? शंकूंनी १५ मीटर लांब आणि एक मीटर रुंद पट्टी आखली की धाव वाकली तर लगेच दिसतं. गोल झाले पण दर वेळी पावलं वेगळी, अशा मुलाचे शॉट पावसात आणि चौथ्या क्वार्टरमध्ये चुकू लागतात. गोल हुकले पण क्रम घट्ट, तर हात किंवा नेम दुरुस्त करून सुधारणा होते.

मग २० मीटरवरून, दोन्ही पॉकेटमधून (गोलच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांतून) दोन-दोन वळत्या किक. उजव्या पायाच्या मुलाला डाव्या पॉकेटमधून अंगाभोवती वळवलेला स्नॅप सोयीचा पडतो. उजव्या पॉकेटमधून चेकसाइड लागते, जिथे बॉल उलट बाजूला वळतो. इथे फक्त फॉरवर्ड खेळाडूंना गुण द्या. हाफ-बॅकला (बचावाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूला) चेकसाइड येत नाही म्हणून कुणाचंही बिघडत नाही.

दमणूक तपासायला ५० मीटरच्या चार पूर्ण धावा, मध्ये २० सेकंद विश्रांती, आणि लगेच ३० मीटरवर चार किक. पहिल्या दिवसाच्या ३० मीटरच्या सरासरीशी ताडून बघा. सरासरी एका गुणाहून जास्त घसरली तर व्हिडिओत बॉल सोडण्याची उंची बघा. दमलेला मुलगा आधी हात आखडतो आणि बॉल उंचावरून सोडायला लागतो. पाय मागाहून बिघडतो.

निर्णय कसा मोजायचा

सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच राहून जातो, कारण त्याला माणसं जमवावी लागतात.

५० बाय ४० मीटरचा चौकोन आखा. पाच जण हल्ल्यात, चार बचावात. तपासायच्या मुलाला एका टोकाला हलत्या स्थितीत बॉल द्या. मागून पाच मीटरवरून एक जण त्याला पकडायला सुटतो. समोर दोन साथीदार वेगवेगळ्या दिशांना धाव घेतात, एक थांबलेला असतो, आणि बचावपटूंनी कुणाला झाकायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. प्रत्येक मुलाला अशा दहा संधी.

प्रत्येक संधीला दोन वेगळे आकडे लिहा. निर्णय: सर्वांत चांगला पर्याय निवडला तर २, चालण्यासारखा १, धोक्याचा ०. अंमल: बॉल ठरवलेल्या ठिकाणी ठरवलेल्या वेगाने गेला तर २, झुंज लागेल असा १, थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात ०. हे दोन एकत्र करण्याचा मोह टाळा. बरोबर माणूस हेरून किक पार चुकवणारा मुलगा आणि चुकीच्या माणसाकडे झकास किक मारणारा मुलगा, दोघांची बेरीज सारखीच येते. पहिल्याला बॉल सोडण्याचा सराव देऊन तुम्ही बरंच पुढे नेऊ शकता. दुसऱ्याला खेळ वाचायला शिकवावं लागतं आणि ते फार सावकाश होतं.

धावणाऱ्या साथीदाराला दिलेल्या किकमध्ये बॉल त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत, बचावपटूपासून लांबच्या बाजूला पडायला हवा. अंगावर दिलेली किक थांबायला लावते. आणखी एक बारकावा: किक १५ मीटर गेली तरच झेलाला मार्क (टॅकल न होता पुढची किक घ्यायचा हक्क) मिळतो. १३-१४ मीटरच्या छोट्या किक देणारा मुलगा साथीदाराला टॅकलच्या तोंडी देतो. अशा किकला निर्णयात शून्य द्यायला कचरू नका. सुरक्षित छोटी किक १८ ते २० मीटरची असते.

बॉल मिळाल्यावर डोळे कुठे जातात तेही टिपा. चांगला वाचणारा बॉल हातात येण्याआधीच एकदा मान वळवून बघतो. हे फोनवर दिसत नाही, त्यासाठी जवळ उभं राहावं लागतं.

सामन्याचा व्हिडिओ

मैदानावरच्या चाचण्या सामन्याची जागा घेऊ शकत नाहीत. निदान चार सामने मिळवा, शक्यतो त्यात एक पावसातला आणि एक हरलेला. मुलाची प्रत्येक किक एका ओळीत लिहा: क्वार्टर, मैदानाचा भाग, कोणता पाय, अंतर २० च्या आत की २० ते ४० की त्यापुढे, दोन मीटरच्या आत प्रतिस्पर्धी होता का, थांबून मारली की पळता पळता, निकाल काय.

निकालासाठी लीगची आकडेवारी ठेवणाऱ्या चॅम्पियन डेटाची व्याख्या सोयीची आहे: ४० मीटरच्या आतली किक ठरवलेल्या साथीदाराकडे टिकली तर ती परिणामकारक, आणि ४० च्या पुढची किक निदान बरोबरीच्या झुंजीत गेली तरी परिणामकारक. या व्याख्येची एक फट ध्यानात ठेवा. बचावातून बाजूला २० मीटरच्या बिनधोक किक मारत राहणाऱ्याची टक्केवारी फुगते. तसंच गर्दीतून पाय घालून बॉल पुढे ढकलणाऱ्या मिडफिल्डरची टक्केवारी नेहमी खाली दिसते. म्हणून टक्केवारी अंतराच्या गटाप्रमाणे आणि दबावाप्रमाणे तोडून मांडा, आणि तुलना एकाच जागी खेळणाऱ्या मुलांचीच करा.

वीस किकच्या टक्केवारीवर विसंबू नका. वीसात १४ आणि वीसात १२ म्हणजे ७० आणि ६० टक्के, कागदावर मोठी दरी, प्रत्यक्षात फरक दोन किकचा. निदान ६० किक जमल्याशिवाय आकडा अहवालात घालू नका.

वाया गेलेल्या किक स्वतंत्र बघा. समोरच्या गोलजवळ गमावलेला बॉल आणि स्वतःच्या गोलसमोर मधल्या पट्ट्यात गमावलेला बॉल यांची किंमत सारखी नाही. दुसऱ्या प्रकारच्या किक एका सामन्यात दोनहून जास्त असतील तर त्या कापून एकत्र लावा. बहुतेक वेळा एकच कारण पुन्हा पुन्हा दिसतं: आंधळेपणाने आत वळणं, किंवा कमकुवत पाय टाळायला एक पाऊल जास्त घेणं.

अहवाल लिहिताना

जागेप्रमाणे वजन बदला. हाफ-बॅकसाठी निर्णय आणि ३०-४० मीटरची अचूकता सर्वांत वर. मिडफिल्डरसाठी दुसरा पाय आणि दमल्यावरची घसरण. उंच फॉरवर्डसाठी सेट शॉटचा क्रम. रकमनसाठी (वर उडवलेल्या बॉलसाठी झेप घेणाऱ्या उंच खेळाडूसाठी) २० मीटरची साधी, चुका नसलेली किक पुरेशी आहे, त्याला उगाच ४० वरून कमी लेखू नका.

विशेषणं काढून घडलेलं लिहा. ‘डाव्या पायाने कच्चा’ असं न लिहिता ‘डाव्या पायाने २० मीटरवर सहापैकी दोन किक ३ गुणांच्या वर, बॉल बरगडीच्या उंचीवरून सुटतो, मागून बघता आत सरकतो’ असं लिहा. वाचणाऱ्या प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी काय करायचं ते या वाक्यातून कळतं.

मुलाला निकाल सांगताना एकच सुधारणा हातात द्या. ती हाताची असेल तर घरीसुद्धा होते: बॉल एका हातात, मांडीसमोर, नुसता सरळ खाली सोडायचा आणि पाय न हलवता बुटाच्या लेसवर पडतो का बघायचं. रोज ५० वेळा, मग १० मीटरवर साथीदाराला हलक्या ३० किक. क्रिकेट किंवा सॉकर खेळून उशिरा फूटीकडे आलेल्या मुलांना याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. त्यांचा पाय किंवा झेल आधीच चांगला असतो, हातातून पायावर बॉल देणं हे एकच काम त्यांना नवीन असतं.

सहा ते आठ आठवड्यांनी तीच मांडणी, तेच बॉल, त्याच वेळेला पुन्हा तपासा. हंगामानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास कम्बाइन आणि नोव्हेंबरमध्ये ड्राफ्ट असतो, त्यामुळे पहिली फेरी मे-जूनपर्यंत झालेली बरी. दोन फेऱ्यांमधला फरक हा अहवालातला स्वतंत्र आकडा म्हणून लिहा. सहा आठवड्यांत बॉल सोडण्याची उंची तळहातभर खाली आणणारा मुलगा शिकतो आहे, आणि क्लबला त्याच्याबद्दल हेच कळायला हवं असतं.